बिनकडीचं दार

मुक्काम अमरावती, राजापेठ
पौष शुद्ध सप्तमी, शके १७८६

राजश्री भगवंतरावदादांना खुशालरावाचा रामराम.

यापुढे पत्र धाडू नये, असा तुमचा निरोप पोचला. निरोप आणणाऱ्या गाडीवानाला जेवू घातलं, त्याच्या बैलांपुढे सरकी टाकली आणि त्याच गाडीत हे पत्र ठेवलं. गाडी रिकामी परत जाऊ नये हा आमच्या धंद्याचा धर्म आहे, रागावू नका.

पत्रावर नाव तुमचं, कारण तुमच्या घरी वाचता येतं ते तुम्हालाच. पण तुम्ही ओट्यावर बसून मोठ्यानं वाचता, आणि वाचायला लागलात की आतल्या दाराआड सुपानं पाखडण्याचा आवाज थांबतो, हेही मला ठाऊक आहे. सणासुदीला तुमच्याकडे आलो तेव्हा मी कान घरी ठेवून आलो नव्हतो.

मनकर्णा दिवाळीला माहेरी आली ती परतली नाही. तुम्ही चार लोकांत म्हणता, गाडीवानाला बहीण दिली, फसलो. म्हणा. गाडीवान मी होतोच. इथून घाट उतरून समुद्रापर्यंत कापसाच्या गाड्या हाकल्या, चाकाला वंगण घालता घालता मालाचे भाव ऐकले, आणि ऐकता ऐकता दलाल झालो. अमरावतीच्या बाजारात आता मला खुशालराव म्हणतात. तुमच्या अकोल्याला मी खुशाल्याच आहे, त्याला इलाज नाही. लिहायला मला एका देशावरच्या कारकुनानं शिकवलं, म्हणून कागदावर 'मला' येतं. तोंडात अजून 'मले'च आहे.

पण मनकर्णानं मला गाडीवान म्हणून टाकलेलं नाही. बैलांच्या दमणीत बसताना ती एवढंच बोलली: "मले आतून कडी लावता येईन असं दार पाह्यजे. ते झालं की बोलवा. तवरीक नोका बोलवू."

बाजारात गिऱ्हाईक अट घालून उठून गेलं म्हणजे सौदा मोडला असं नसतं. अट पुरी करायची असते. म्हणून मी घर पाहून राहिलो आहे. हे वाक्य जरा मोठ्यानं वाचा.

इथं घर मिळणं सोपं नाही. अमेरिकेत भाऊबंद आपसात लढतात, तिकडचा कापूस अडतो आणि वऱ्हाडात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढतात, असे दिवस आले आहेत. ज्याला त्याला राजापेठेत माडी पाहिजे. मी राहतो त्या दोन खोल्यांचा मालक रोज सकाळी येऊन मला पाहून जातो, की हा अजून मेला कसा नाही. म्हणून शहर सोडलं आणि कसब्याकडं वळलो.

कौंडण्यपूरच्या वाटेवर शिवणी आहे. कार्तिकाच्या जत्रेला गाड्या घेऊन जायचो तेव्हा तिथं बैलांना पाणी पाजायला थांबत असे. गावात एका रिसालदाराची हवेली आहे. निजामाच्या फौजेत तलवार गाजवून आलेल्या माणसानं बांधलेली. आता त्याची विधवा सून, कुलसुमबी, एकटी राहते. मुलगा अब्दुल गफ्फार हैदराबादेत चाकरीला आहे, तो आईला बोलावतो, म्हणून हवेली विकायची आहे. आणि भाव असा, की राजापेठेतल्या माझ्या दोन खोल्या ज्याला परवडतात त्याला ती अख्खी हवेली परवडावी.

मी जाऊन पाहून आलो. पाहून म्हणजे ऐकून. कापूस आम्ही कानाशी धरून ताणतो, धागा लांब की आखूड ते तुटतानाच्या आवाजावरून कळतं. तसा मी एकेक खांब बोटाच्या पेरानं वाजवत गेलो. वाळवीनं खाल्लेलं लाकूड भोपळ्यासारखं बोलतं. ते सागाचे खांब एकेक करून 'मी आहे' म्हणाले. पांढऱ्या मातीच्या भिंती अशा जाड, की बाहेर बाजार भरला होता तो आत नुसता गुणगुणल्यासारखा येत होता. पुढचं दार पितळी फुल्यांचं, बैठक ऐसपैस, बैठकीतून आत जायला मधलं दार, आत चौक, मागं परस आणि परसात दगडी बाव, पायऱ्यांची विहीर.

असं घर इतकं स्वस्त काहून? स्वस्त मालात खोट असते. ती सापडेपर्यंत मी हात पुढं करत नाही. शोधून राहिलो आहे.

सासूबाई गोदाबाईंना दंडवत.

आपला
खुशालराव


मुक्काम अमरावती
माघ शुद्ध एकादशी, शके १७८६

राजश्री भगवंतरावदादांना रामराम.

घर घेतलं.

तुमचं उत्तर आलं नाही, पण गाडीवान म्हणाला की पत्र वाचताना तुम्ही 'खांब बोलले' इथं हसलात. ते मी उत्तर धरतो.

सौदा कसा झाला ते सांगतो. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, खाली बोटं धरायची, बोटं भाव बोलतात. तोंडं तोवर लेकीबाळींची खुशाली विचारतात. त्यामुळं तोंडच्या बोलण्यावर माझा भरवसा बेताचा. आता कुलसुमबी पडद्याआड बसणारी. तिचं बोट कसं धरणार? माझी निम्मी विद्या पडद्याशीच संपली. उरला अडकित्ता.

बाई पलीकडं सुपारी कातरत होती. मी म्हटलं, घर जुनं आहे, पावसाळ्यात गळत असेल. अडकित्ता थांबला. मी म्हटलं, गळत नाही ते मले समजलं बीबी, ही दलालाची जीभ आहे, सवयीनं चालते. अडकित्ता सुरू झाला. मग मी ओळखलं, की या बाईशी खोटं बोललं की सुपारी कातरायची थांबते. दुपारभर मी खरं बोललो. फार थकवा आला.

माझ्या आधी एक ठेकेदार येऊन गेला होता. आगगाडीचा रस्ता आता अकोल्याच्या पुढं सरकतो आहे, त्याला साग पाहिजे. जंगलातला ओला नको, मुरलेला पाहिजे. त्यानं माझ्याहून बराच जास्त भाव सांगितला होता. बाईनं त्याला पाणी पाजून वाटेला लावलं.

"तो खांबं मोजून राहिला होता," ती म्हणाली. "मी घर इकून राहिली. ज्याले राहाचं आहे त्यानं घ्यावं."

मी म्हटलं, मले राहाचं आहे. माझी बायको माहेरी बसली आहे, तिच्यासाठी घेतो. अडकित्ता चालूच राहिला.

माझा बहुतेक पैसा कापसातून काढून मी या घरात घातला आहे. बाजार हसतो आहे. माल चढता असताना माती विकत घेणारा हा पहिलाच शहाणा, असं माझ्या तोंडावर म्हणतात. मीही त्यांच्यासोबत हसतो, हसायला पैसे पडत नाहीत.

बाईची एक अट होती. ती मी कबूल केली. अट पाण्याविषयी आहे, बायकांची बाब आहे, तुम्हाला त्यात गोडी वाटायची नाही.

रोजे सुरू व्हायच्या आधी सौदा झाला, ईद झाली की ती हैदराबादेला निघेल. मग मी शिवणीला राहायला जातो. मनकर्णेला कधी पाठवता? पुढच्या दाराला आडणा आहे, साखळी आहे, पितळी फुल्या तर सांगितल्याच. हेही मोठ्यानं वाचा.

आपला
खुशालराव


मुक्काम शिवणी
फाल्गुन वद्य पंचमी, शके १७८६

राजश्री भगवंतरावदादांना रामराम.

तुमचं पत्र आलं. पहिलंच, म्हणून डोक्याला लावून मग उघडलं. आत एकच ओळ: 'मागच्या दाराचं काय?'

म्हणजे शिवणीवरून अकोल्याला जाणाऱ्या कोणाच्या तरी तोंडून तुम्हाला कळलं. चांगलं झालं. लपवलेला माल गाडीत जड होतो.

मागच्या पत्रात मी पाण्याच्या अटीवरून घसरत गेलो, ते खरं तर असं आहे. परसातल्या बावीचं पाणी भर वैशाखातही आटत नाही. फार वर्षांमागं मोठा दुकाळ पडला, गावच्या विहिरींचा चिखल झाला, तेव्हा रिसालदारानं मागच्या दाराची कडी उपटून काढली आणि भोकांत शिसं ओतलं. किवाड आहे, ढकललं की लागतं, ढकललं की उघडतं. पण बंद राहत नाही. तेव्हापासून पहाटे किवाड वाजतं ते दिवेलागणीपर्यंत वाजत असतं. अख्ख्या गावच्या बाया घागरी घेऊन त्या दारानं येतात आणि जातात.

घर स्वस्त होतं ते यापायी. व्यापाऱ्याला अशा घरात माल ठेवता येत नाही. घरंदाज माणसाला बायका ठेवता येत नाहीत. एका ठेकेदाराला तेवढं चालत होतं, कारण त्याला घरच ठेवायचं नव्हतं.

बाईची अट होती, की याला कधी कडी लावायची नाही. बावीला तीन अंगांनी पायऱ्या आहेत, कोणी कुठून उतरायचं ते गावानं ठरवलेलं. तिनं सरळ विचारलं, "महारवाड्याच्या अंगच्या पायऱ्या बुजवसान काय?"

मी म्हटलं, "बीबी, गाडीवान होतो तवा त्याच पायऱ्याईवरून उतरून बैलाईसाठी पाणी भरलं. तवा मले कोणी हटकलं नाही. आता मी कोणाले हटकू?"

हे खरं होतं, सुपारी कातरली गेली. पण कडीचं म्हणाल तर मला मनकर्णेची अट आठवली. एक बाई म्हणते कडी लावता आली पाहिजे, दुसरी म्हणते लावायची नाही. मग मी दलालाच्या बुद्धीनं विचार केला: आता हो म्हणू, ईद झाली की बाई जाईल, लोहार काही हैदराबादेला जात नाही.

तोंडानं म्हटलं, "कबूल, बीबी."

अडकित्ता थांबला. मी वाट पाहिली. तो पुन्हा सुरूच होईना. पडद्यामागून ती हळू आवाजात म्हणाली, "भाई, आता जे मनात बोलले ते मोठ्यानं बोला."

दादा, मी घाटातला वाघ ऐकलेला माणूस आहे. पण तेवढा घाम मला तेव्हा फुटला नव्हता. मी मनातलं तिला सांगून टाकलं. बायकोनं काय मागितलं तेही सांगितलं. पलीकडं तिनं अडकित्ता खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुमच्या बायकोले कडी कायले पाह्यजे, ते इचारलं काय?"

मी म्हटलं, कडी कोणी कायले मागते? चोराचिलटासाठी, आब्रूसाठी. त्यात इचाराचं काय आहे.

"हां," ती म्हणाली. ठेकेदाराला म्हणाली असेल तसंच. मग म्हणाली, "मी तुमाले घर देते. जा, परसात जा. शिशावर हात ठेवा आन आता काय कबूल करता ते पुन्हा करा."

मी गेलो. बाया पाणी भरत होत्या, त्यांच्यातली पार्बताबाई म्हणून एक थोराड बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली, नवा मालक कसा दिसतो ते पाहायला. तिच्यादेखत मी त्या गार शिशावर तळहात ठेवला. आता ते दार माझ्या हयातीत लागायचं नाही.

ही खोट आहे मालात. मी ती झाकली, कारण मला वाटलं, मनकर्णा एकदा आली, तिनं घर पाहिलं, की दाराचं पाहता येईल. आता तुम्हाला कळलंच आहे. तिनं यावं किंवा न यावं. पण घर मी सोडत नाही, दिलेला शब्दही सोडत नाही, आणि तिला बोलावणंही सोडत नाही. हे तिन्ही मोठ्यानं वाचा.

आपला
खुशालराव


मुक्काम शिवणी
ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी, शके १७८७

राजश्री भगवंतरावदादांना रामराम.

तुमचं उत्तर नाही. मनकर्णेचा निरोपही नाही. दाराआडचं सूप थांबतं की चालू राहतं, तेसुद्धा आता गाडीवान सांगत नाहीत. त्यांना दुसरंच पडलं आहे.

तुमच्याकडे बातमी आली असेलच. अमेरिकेतली लढाई मिटली. तिकडच्या विधवांच्या डोळ्यांतलं पाणी खळलं असेल, म्हणून वाईट कसं म्हणावं? पण मुंबईहून तार आली त्या दिवशी अमरावतीच्या बाजारात माणसं रुमालाखाली हात धरून उभी होती आणि कोणाचंच बोट हलत नव्हतं. मी तिथंच होतो. इतका शांत बाजार मी जन्मात ऐकला नव्हता. माझ्यावर हसणाऱ्यांतला एक जण कापसाच्या गाठींवर बसून होता, त्याला मी पाणी दिलं. तो म्हणाला, "खुशालराव, तुमी हुशार निंगाले."

मी हुशार नव्हतो. माझी बायको रुसली होती. ती रुसली नसती तर माझाही पैसा त्या गाठींत असता. तिनं हे ऐकावं, म्हणून लिहितो.

आता पुढचं. ठेकेदार परवा पुन्हा आला. बैठकीत बसला, पण नजर आढ्याला. म्हणाला, सगळं घर नको, बैठकीचे आणि चौकाचे खांब तेवढे द्या, वर मी साध्या लाकडाचे टेकू देतो, छप्पर काही पडत नाही. रोख देतो. कापूस मातीमोल झाला आहे, हातात रोकड असलेला माणूस आज जे घेईल ते पुढं सोनं होईल, तुमच्यासारख्याला मी काय सांगू.

खरं बोलत होता. माझा मेंदू त्याच्या बाजूनं होता. मी उठलो, खांबाला पेरानं वाजवलं आणि त्याला विचारलं, "ऐकू आलं काय?"

तो म्हणाला, "काय?"

मी म्हटलं, "मग तुमाले इकून काय फायदा?"

तो गेला. जाताना मला येडपट म्हणाला, फाटकाबाहेर जाऊन म्हणाला, पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत.

आणखी एक सांगायचं राहिलं. सौद्याच्या वेळीच, शिशावर हात ठेवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी लोहाराकडून कडी-कोयंडा करून घेतला. चांगला जाड, मोराच्या मानेसारखा वळवलेला. तो चौकातल्या देवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला आहे. मनकर्णा आलीच आणि दारातूनच परत फिरली, तर तिला दाखवीन म्हणून केला, की पाहा, मी केली होती, पण ठोकली नाही, ठोकणार नाही. याला काय अर्थ आहे ते मलाही सांगता येत नाही. बाजारात नमुना दाखवायची सवय आहे, तसं धरा.

उन्हाळा इथं कडक आहे. गावातल्या बाकी विहिरी आटल्या. सकाळपासून किवाडाचा आवाज थांबत नाही. मी बैठकीत एकटा बसतो आणि ऐकतो. कोणाची घागर पितळी, कोणाची मातीची, कोणाचा पाय दुखतो, कोणाची सून बोलत नाही, सगळं कळतं. बाया मला घाबरत नाहीत. पार्बताबाई तर बावीवरून ओरडून विचारते, "अहो मालक, मालकीण कवा येते? का घर नुसतं आमच्यासाठीच घेतलं?"

मी ओरडून सांगतो, "येऊन राहिली."

मनकर्णे, आज तुझ्या भावाच्या आडून बोलत नाही. घर आहे. दार लागत नाही. मी इथंच आहे.

आपला
खुशालराव


मुक्काम शिवणी
ज्येष्ठ वद्य दशमी, शके १७८७

राजश्री भगवंतरावदादांना साष्टांग नमस्कार. रामरामानं भागण्यासारखं नाही.

तुमची दमणी सुखरूप पोचली. बैल देखणे आहेत, डावा जरा लंगडतो, त्याचा खूर पाहून घ्या. तिला पाठवताना तुम्ही मला निरोप का धाडला नाही, ते मी विचारत नाही. तिनंच नको म्हटलं असणार. सौदा करणारा आधी माल गुपचूप पाहून जातो.

झालं ते असं. दमणी आली त्या दिवशी बैठकीत पाच-सहा दलाल आणि चार शेतकरी बसलेले. पडलेल्या भावात माल काढावा की ठेवावा, यावर सकाळपासून वाद. तंबाखूची थुंकी, मोठमोठे आवाज, चपलांचा ढीग. मी मध्ये बसून एकाचं ऐकत होतो आणि दुसऱ्याला उत्तर देत होतो. आणि मागून, बावीकडून, हसणं ऐकू आलं.

बाया तिथं रोज हसतात. पण हे हसणं वेगळं होतं. आधी दाबून धरलेलं, मग सुटलेलं. ते मी ओळखलं, आणि ओळखलं तरी मला पटेना, कारण राजापेठेतल्या खोल्यांत ते मी कधी ऐकलंच नव्हतं. लग्नात, तुमच्या अंगणात, हळदीच्या दिवशी ऐकलं होतं. बोलणारा दलाल माझा हात हलवून विचारत होता, "भाव सांगा, खुशालराव." मी त्याचा हात बाजूला केला.

तुमच्या गाडीवानानं बैलांना पाणी दाखवायला गाडी मागच्या वाटेनं आणली होती. मनकर्णा तिथंच उतरली, बायांसोबत त्या बिनकडीच्या दारानं आत आली, आणि न्याहारीच्या वेळेपासून घरातच होती. चूल पाहिली, बाव पाहिली, पार्बताबाईसोबत दोन घागरी भरल्या. माझ्या घरात माझी बायको अर्धा दिवस हिंडत होती आणि या तीक्ष्ण कानाच्या माणसाला पत्ता नव्हता. मी पुढं भाव ऐकत होतो.

चौकात गेलो तर ती देवळीपाशी उभी. हातात कडी-कोयंडा.

मी म्हटलं, "ती मी ठोकली नाही. शब्द दिलेला आहे. तुले मागच्या दाराले—"

"मागच्या दाराले कोण म्हणलं?"

तिनं कडी माझ्यासमोर धरली.

ती म्हणाली, "राजापेठेत तुमची बैठक उठल्याशिवाय मले पाण्याले जाता येत नोतं. सकाळपासून दलाल, दिवेलागणीपासून गाडीवान. त्याईच्या चपला दिसत, आन आवाज. बोलाले बाई म्हणून एक नाही. तापानं पडली होती तवा मी तांब्याभर पाणी मांगतलं, आन भाईर तुमी सरकीचा भाव सांगून राहिले होते. कडी मी असल्या दारासाठी मांगतली." तिनं बैठकीच्या मधल्या दाराकडं बोट केलं. "पाण्यावर येणाऱ्या बायाईले मी काहून कडी लावू? येडी हाव काय?"

दादा, जिथं माणसं बोटांनी बोलतात तिथं मी आयुष्य काढलं. तोंडानं सांगितलेलं खरं असू शकतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कुलसुमबीनं विचारलं होतं, कडी कायले पाह्यजे ते इचारलं काय. तिला एका पडद्याआडून, न पाहता कळलं ते मला रोज पाहून कळलं नाही.

मी एवढंच विचारलं, "कुठल्या बाजूनं लावू?"

"माह्या."

मग मी बैठकीत जाऊन सगळ्यांना उठवलं. भाव नंतर, म्हटलं, आधी ओट्यावर चला. कोणी चपला शोधत होते, कोणी कुरकुर करत होते, एक म्हणाला, खुशालरावाचं डोकं कापसासोबत पडलं. मी शेजाऱ्याकडून हातोडा आणला आणि तिनं दाखवलं तिथं, आतल्या अंगाला, कोयंडा ठोकला. सागवान मुरलेलं आहे, खिळा सहजी जात नाही, घाम निघाला. मागं बायांचं किवाड वाजत होतं. ती उभी राहून पाहत होती आणि मध्येच म्हणाली, "थोडी वर घ्या. हात पुरला पाह्यजे." मी थोडी वर घेतली.

आता व्यवस्था अशी आहे, की बाजार ओट्यावर बसतो. ऊन आलं की आम्ही सरकतो. ज्याला बसवत नाही तो जातो, त्यामुळं फालतू माणसं कमी झाली आहेत आणि सौदे लवकर होतात. धंद्याला हे बरंच पडलं म्हणायचं. मागच्या दाराला शिसं आहे आणि राहील. कुलसुमबीला हैदराबादेला पत्र लिहून कळवलं. कोणीतरी तिला ते वाचून दाखवेल, तेव्हा ती सुपारी कातरत असावी, एवढीच माझी इच्छा आहे.

हे पत्रही मी ओट्यावर बसूनच लिहितो आहे. मधल्या दाराला आतून कडी आहे. आत ती आणि पार्बताबाई काहीतरी निवडत बसल्या आहेत, सुपाचा आवाज येतो, आणि मधूनमधून ते हसणं येतं. मी अजून दार वाजवलेलं नाही. घाई नाही.

हे पत्र मात्र मोठ्यानं वाचू नका, दादा. आता तुमच्या दाराआड कोणी उभं नाही.

तुमचा
खुशालराव